गौताळ्याचा अंधार जपावा

संपादक महोदय,

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेले क्षेत्र) हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला; भारतातील असे ते पहिलेच ठिकाण. मराठवाड्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही, परंतु गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे, आणि शासनाने त्याचा या दर्जासाठी विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

पेंचमध्ये गावे अंधारात लोटलेली नाहीत. सिल्लारी, पिपरिया, खापा यांसारख्या गावांतील शंभराहून अधिक दिव्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला आणि वाघोडा तलावाजवळ आकाशदर्शनासाठी मनोरा उभारण्यात आला. आमच्याकडे नेमके उलट घडले. अभयारण्यालगतच्या आमच्या गावात चौकात हायमास्ट बसला, त्याचा पांढराफटक उजेड जितका चौकात पडतो तितकाच आभाळात आणि रानात जातो. अशा एलईडीतील निळा प्रकाश हवेत अधिक विखुरत असल्याने सारे आकाशच फिकट दिसू लागते. पूर्वी अंगणात बाज टाकून मुलांना सप्तर्षी दाखवताना ‘म्हातारीची बाज आणि तीन चोर’ ही गोष्ट सांगत असू. ते सात तारे अजून दिसतात, आकाशगंगेचा पट्टा मात्र नाहीसा झाला.

रब्बीला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या आणि बिबट्याच्या धास्तीने दिवा मागणाऱ्या शेतकऱ्याला अंधाराचे महत्त्व सांगण्याचा मला अधिकार नाही. दिवे काढा, असे म्हणणेही नाही. ते वरून झाकलेले आणि पिवळसर, म्हणजे ३००० केल्विनपेक्षा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर) अधिक पांढरे नसलेले असावेत, म्हणजे तोच उजेड पायाखाली पडेल.

याच अभयारण्याच्या खानदेशाकडील पायथ्याशी पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद तेथील १२०७ च्या शिलालेखात आहे. आकाशदर्शनासाठी याहून समर्पक परिसर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. अभयारण्य छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत विभागलेले असल्यामुळे प्रस्ताव दोन्हीकडून यायला हवा, आणि अशी कामे नेमकी इथेच अडकतात. निदान येत्या हिवाळ्यातील एखाद्या अमावास्येला वन विभागाने येथील आकाश किती काळोखे आहे याची मोजणी करून घ्यावी. त्यासाठी लागणारे मीटर तळहातावर मावते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. कन्नड