तालुक्याचे पान पुन्हा सुरू करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यापासून आपल्या दैनिकातील आमच्या तालुक्याचे स्वतंत्र पान बंद झाले असून त्याऐवजी सबंध जिल्ह्याच्या बातम्या एकाच पानात येऊ लागल्या आहेत. कागद आणि छपाई महागल्याची अडचण आम्हा वाचकांना कळते. तरीही या निर्णयाचा फेरविचार व्हावा, अशी विनंती करताना इटलीतील एका प्रादेशिक दैनिकाची हकिगत आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

‘इल रेस्तो देल कार्लिनो’ हे पत्र मार्च १८८५ मध्ये बोलोन्या शहरात चौघांनी मिळून काढले. त्या नावाचा अर्थ ‘कार्लिनोतून उरलेली चिल्लर’. कार्लिनो हे पोपच्या राज्यातील जुने नाणे. ते राज्य गेले, नवे चलन आले, तरी लोक दहा चेंतेसिमीच्या नाण्याला कार्लिनोच म्हणत राहिले. आमच्याकडील वडीलधारी मंडळीही पंचवीस पैशांना शेवटपर्यंत चार आणेच म्हणत असत. तंबाखूच्या दुकानात सिगार आठ चेंतेसिमीला मिळे आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या उरलेल्या दोन चेंतेसिमीच्या बदल्यात दुकानदार हे वर्तमानपत्र हातावर ठेवी. आमच्या फाट्यावरील पानठेल्यावर चिल्लर नसली की टॉफी मिळते, त्यामुळे हा व्यवहार मला समजावून सांगावा लागला नाही. वर्तमानपत्राने आपले नावच गिऱ्हाइकाच्या मुठीतील उरल्यासुरल्या पैशांवरून घ्यावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढचा सगळा इतिहास मात्र गौरवाचा नाही. हे पत्र काही काळ बड्या जमीनदारांच्या पैशावर चालले आणि मुसोलिनीच्या राजवटीत सत्तेच्या सुरात सूर मिसळत राहिले. त्यामुळेच १९४५ मध्ये बोलोन्या मुक्त झाल्यावर जुने नाव बाजूला ठेवावे लागले आणि काही वर्षे ते ‘जोर्नाले देल्लेमीलिया’ म्हणून निघाले. १९५३ मध्ये मूळ नाव परत आले. १९५५ ते १९६८ या काळात त्याचे संपादक असलेले जोव्हान्नी स्पादोलिनी पुढे देशाचे पंतप्रधान झाले. इतकी प्रतिष्ठा मिळूनही या पत्राने आपला मुलूख सोडला नाही. बोलोन्याबरोबरच मोदेना, फेरारा, राव्हेन्ना, रिमिनी अशा शहरांसाठी त्याची स्थानिक बातम्यांची वेगळी पाने निघतात आणि तेथील वाचक त्याला घरच्या माणसासारखे नुसते ‘कार्लिनो’ म्हणतात.

आता आमच्या पानठेल्याकडे पाहावे. सकाळच्या एस.टी.ने गठ्ठा उतरला की तेथील एकच अंक दहा-बारा जण वाटून वाचतात. बाहेरचा ताव एकाकडे, खेळाचे पान पोरांकडे आणि तालुक्याचे पान सर्वांत शेवटी मोकळे होई, कारण ते कोणी लवकर सोडतच नसे. दुपारपर्यंत त्याच्या कडेला चुन्याच्या बोटांचे पांढरे ठसे उमटलेले असत. बाजार समितीत कापसाला आणि तुरीला काय भाव निघाला, कोणत्या फिडरची वीज रात्री राहील, कोणत्या पुलावरून पाणी वाहत आहे, कोणाच्या गोठ्याला आग लागली, हे त्या पानावर असे. मोबाइलवर भाव येतात, हे खरे. पण ते कोणत्या बाजाराचे आणि कोणत्या दिवसाचे, याची जबाबदारी कोणी घेत नाही. छापलेल्या पानाखाली आपल्या वार्ताहराचे नाव असे आणि चूक झाली तर त्याला रस्त्यात अडवून विचारता येत असे.

दररोज पान देणे शक्य नसेल, तर निदान आठवडी बाजाराच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ते द्यावे. गावातील वाचनालय त्या दिवसाच्या जादा प्रती रोख घेण्यास तयार आहे. तसे पत्र सोबत जोडले आहे.

आपला,
एक नियमित वाचक, जि. यवतमाळ