पंप, मिशी आणि तुझा राग

चि. बबडे,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. पेन हातात आहे की निसटलंय, हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ओळी उताराला लागल्यात. डोकं जागेवर आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि मागच्या वेळी बोलायला गेलो तेव्हा काय झालं ते तू ऐकलंच आहेस.

त्याबद्दलच लिहितोय. तू नेहमीसारखं म्हणालीस, "बाबा, पॉझिटिव्ह राहायचं हं," आणि मी "चुलीत घाल तुझं पॉझिटिव्ह" म्हणून फोन ठेवला. नंतर दोन दिवस तू फोन केला नाहीस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तर आठवडाभर केला नसता.

चूक माझीच. पण थोडा वाटा गोळीलाही दे. माझ्या केमोच्या प्रत्येक सायकलमध्ये, म्हणजे औषधांच्या एका फेरीत, पहिले पाच दिवस स्टिरॉइड असतं. ते चालू असताना रात्री दोनला मी टक्क जागा. शेजारच्या पलंगावरच्या पोराला उठवून जगाच्या उलाढालींवर बोलावंसं वाटतं. गोळी बंद झाली की दोन दिवसांत अंगातली हवा गेल्यासारखं होतं. कारण नसताना रडू येतं, कारण असेल तर चिडचिड. तुझा फोन आला तो नेमका सातवा दिवस होता. या खेपेला मी कॅलेंडरवर दोन फुल्या मारून ठेवल्यात. त्या दोन दिवसांत आयुष्याबद्दल कुठलंही मत बनवायचं नाही, असं ठरवलंय. आणि डॉक्टरांना विचारून संध्याकाळची गोळी दुपारी घेतो, त्यामुळे झोपही बरी लागते. इतकी साधी गोष्ट विचारायला मला दोन सायकली लागल्या.

पण सगळं गोळीवर ढकलणार नाही. तुझं ते वाक्य मला खरंच टोचत होतं. "तुमचा आजार अर्धा मनाने बरा होतो" असं भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जातो. त्याचा दुसरा अर्थ असा, की उद्या रिपोर्ट वाईट आला तर माझंच मन कमी पडलं! एका रात्री झोप नव्हती तेव्हा मी शोधून वाचलं. २००७ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला होता. रुग्ण मनाने किती बरा आहे याचा तो किती जगला याच्याशी काही संबंध सापडला नाही. वाचलं आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे मी एक दिवस तोंड पाडून बसलो तरी औषध आपलं काम करतंच. मग हसायचं ते दिवस बरा जावा म्हणून, गाठीला घाबरवायला नव्हे.

आता एक कबुली. आईला माहीत आहे, तुला सांगितलेलं नाही. पहिल्या सायकलनंतर घरी आलो, तुम्ही सगळे जमला होतात, हसणं-खिदळणं चालू होतं. मला कणकण वाटत होती. गुपचूप थर्मामीटर लावला तर १०१. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने तीनदा बजावलं होतं, की रक्तातल्या पेशींचे काउंट पडलेले असताना १००.४ फॅरनहाइटला ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं. पांढऱ्या पेशीच नसतात तेव्हा साधा जंतूही माणसाला आडवा करतो. आणि मी काय केलं? चार तास काढले. तुमचा मूड जाऊ नये म्हणून! "बाबा किती खंबीर आहेत" हे ऐकायची चटक लागली होती, दुसरं काय. नंतर तीन दिवस अँटिबायोटिकच्या सलाइनवर होतो. तुला तेव्हा "रुटीन" म्हणून सांगितलं, ते हे. आता तूच सांग, असला आनंदी पेशंट काय कामाचा?

असो. आता इथली मजा सांगतो, कारण आहेच.

माझा पंप. चाकाच्या स्टँडवर बसवलेला, दिवसरात्र माझ्याबरोबर. मी त्याला भाऊसाहेब म्हणतो. तीन औषधं एकाच पिशवीत, चोवीस तास थेंब थेंब, अशी चार दिवस चार पिशव्या. पाचव्या दिवशी वेगळं औषध. भाऊसाहेबांचं एक चाक कुरकुरतं. आम्ही दोघं संध्याकाळी कॉरिडॉरला फेऱ्या मारतो. पहिल्या दिवशी बारा होतात, चौथ्या दिवशी पाच. मध्येच नळीत एवढासा बुडबुडा आला की भाऊसाहेब ओरडायला लागतात. शेजारच्या पोराची आणि माझी पैज असते, रात्री कोणाचा पंप आधी बोंबलतो. काल मी हरलो. शिक्षा म्हणून त्याला माझ्या कॉलेजचा एक किस्सा सांगावा लागला, तुला न सांगितलेला.

दुसरा उद्योग म्हणजे पिशवीतल्या मालाची चौकशी. पिशवी लालसर असते, ती डॉक्सोरुबिसिनमुळे. लघवीलाही तोच रंग येतो. पहिल्यांदा मी सिस्टरला ओरडून बोलावलं होतं. हे औषध इटलीत मातीतल्या एका जंतूपासून काढलं, आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं एक नाव एड्रियामायसिन पडलं. मुंग्या आणणारं व्हिनक्रिस्टिन कशाचं, ओळख बघू? सदाफुलीचं! खरंच. ती मधुमेहावर चालते असं लोक म्हणायचे, म्हणून १९५०च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी तिचा अर्क उंदरांना दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. तिथून सदाफुलीची औषधं निघाली. आणि पाचव्या दिवशीचं सायक्लोफॉस्फामाइड तर युद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या भावकीतलं. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा एका रुग्णाला दिलं. त्याचा आजार माझ्याच जातीचा, लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. युद्ध चालू होतं म्हणून ही गोष्ट गुप्त ठेवली होती. रात्री पंपाच्या हिरव्या दिव्याकडे बघत मी त्या माणसाचा विचार करतो. त्याला काही दिवस आराम पडला, पण तो वाचला नाही. त्याला कोणी सांगितलंही नसेल, की तुझ्यामागून किती जणांची रांग लागणार आहे.

केसांचं तुला काय सांगू? मुळात उरले होते किती! मिशीचं मात्र लागलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तोंड पुसलं आणि अर्धी मिशी टॉवेलवर. उरलेली अर्धी आईने कात्रीने काढली, माझी हनुवटी एका हातात धरून, ओठ आत ओढून. एकविसाव्या वर्षापासून ठेवलेली मिशी. आरशात बघितलं तर समोर आमची आत्या उभी! हुबेहूब. आधी मी हसलो, मग आई हसली, मग आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती टॉवेल झटकायला बाथरूममध्ये गेली. बराच वेळ झटकत होती.

भीती वाटते का, हे तू कधी विचारलं नाहीस. वाटते. पहाटे चार-साडेचारला जास्त. तेव्हा मी शहाणपणा करत नाही, बेल दाबतो आणि सिस्टरला "जरा पाणी द्या" म्हणतो. टेबलावर पाणी असतं, तिलाही दिसतं. ती ओतून देते आणि पाच मिनिटं थांबते.

तर आता तुझ्यासाठी. ते उगवत्या सूर्याचे मेसेज पाठवू नकोस. ऑफिसमधली भांडणं सांग, पूर्वी सांगायचीस तशी. मी आजारी पडल्यापासून तुझ्या ऑफिसात सगळे एकदम गुणी झालेत की काय? शब्दकोड्यातला रोज एक अडलेला शब्द पाठव. माझं चुकत असेल तर भांड, फक्त फुल्यांचे दोन दिवस सोडून. "कसं वाटतंय" विचारलंस तर खरं सांगेन. मग "असं बोलू नका हो बाबा" म्हणायचं नाही, एवढं कबूल कर. आणि सर्दी असेल तर येऊ नकोस. मागच्या खेपेसारखं काचेपलीकडून तोंड वेंगाडलंस तरी चालेल, त्या पोराला ते फार आवडलं होतं.

हे पत्र आईच पोस्टात टाकणार, म्हणजे आधी वाचणार. वाच गं, लपवण्यासारखं काही नाही.

शनिवारी येशील तेव्हा दोन गोष्टी आण. एक, प्लॅस्टिकचा चमचा, स्टीलचा तोंडात घातला की सगळ्यालाच लोखंडाची चव येते. दुसरी, पायजमे, इलॅस्टिकचे. नाडीचे अजिबात नकोत. काल मला गाठ मारता येईना. दहा मिनिटं खटपट केली आणि शेवटी भाऊसाहेबांच्या खांबाला टेकून, एका हाताने पायजमा धरून उभा राहिलो. शेजारचं पोर उठून आलं, काही न बोलता गाठ मारून गेलं. निरगाठ मारली होती लेकाने. सोडवायला सिस्टरला बोलवावं लागलं.

तुझा,
बाबा