ओवीच्या शाळेवरून बाबांना (आणि आईला)

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी बाबांनी बोलता बोलता फोन ठेवून दिला, त्यानंतर परत लावायची हिंमत झाली नाही म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव, चष्मा मिळत नसेल तर टीव्हीच्या वर बघ, तिथेच असतो.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ झालंय. अमेरिकेत राहून पोरीला स्पॅनिश शाळेत घातलं, लोकांना काय सांगायचं? पण ही अमेरिका म्हणजे न्यू जर्सीचे काका राहतात ती अमेरिका नाही. आम्ही राहतो ते पोर्तो रिको हे बेट १८९८च्या लढाईनंतर स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. पासपोर्ट अमेरिकेचा, डॉलर अमेरिकेचा, पोस्ट अमेरिकेचं, आणि बोलणं घरीदारी, बाजारात, देवळात (चर्चमधे हो) सगळं स्पॅनिश. नुसतं रस्त्यावर बघा, पाटीवर अंतर किलोमीटरमधे आणि वेगाची मर्यादा मैलात! पेट्रोल लिटरवर. आम्ही तर पहिले दोन महिने गाडी चालवताना गणितच करत होतो.

इंग्रजी आणायचा प्रयत्न झाला नाही असं नाही, उलट फार झाला. शेजारच्या आजी आहेत ना, पंच्याऐंशीच्या, ज्या ओवीला केळ्याचे काप तळून देतात, त्या सांगत होत्या की त्यांची आई शाळेत होती तेव्हा गणित, भूगोल सगळं इंग्रजीत. १९०५ ते १९१६ सगळ्या इयत्तांना तोच नियम होता, आणि मास्तरांचं इंग्रजीही यथातथाच. पोरं पाठ करायची आणि घरी येऊन विचारायची याचा अर्थ काय. पुढे नियम तीसेक वर्षं बदलतच राहिले, चौथीपर्यंत हे, आठवीपर्यंत ते, आणि १९४९ला इथल्या माणसांनी स्वतः निवडून दिलेला पहिला गव्हर्नर आला तेव्हा कुठे शाळा कायमची स्पॅनिशमधे आली. आजी त्याच वेळच्या. त्या म्हणतात आईला कविता यायच्या पण अर्थ मला कळायचा. आणि हो, बेटाचं नाव पण सोडलं नव्हतं, वॉशिंग्टनच्या कागदांवर १९३२पर्यंत 'पोर्तो' लिहायचे, खरं आहे प्वेर्तो. पुण्याचं पूना केलं तसंच. (आपण मराठीत अजून पोर्तोच म्हणतो, मी पण वर तेच लिहिलं, जाऊ दे.)

आता कोर्टाचं ऐका, हे खास तुमच्यासाठी. इथली स्थानिक कोर्टं स्पॅनिशमधे चालतात, पण सान हुआनला फेडरल कोर्ट आहे ते इंग्रजीतच. आरोपी स्पॅनिश बोलणारा, साक्षीदार स्पॅनिश बोलणारा, पुष्कळदा वकील आणि जज्जही घरी स्पॅनिश बोलणारे, आणि कामकाज इंग्रजीत, मधे दुभाषा. ज्याला इंग्रजी येत नाही तो ज्युरीवर बसूच शकत नाही. हे कळलं तेव्हा मला तुमचं टेबल आठवलं. हायकोर्टाची ऑर्डर इंग्रजीत आली की जतची, आटपाडीची माणसं तो कागद घेऊन तुमच्याकडे यायची आणि तुम्ही डबा तसाच ठेवून त्यांना सांगायचात की तुमची केस गेली की राहिली. घरी येऊन चिडायचात, म्हणायचात आपलीच केस आणि आपल्यालाच कळत नाही. मग आता माझ्यावर का चिडता?

अर्थात इथेही सगळं गोड नाही. भाषा म्हणजे राजकारण. १९०२च्या कायद्याने दोन्ही भाषा सरकारी होत्या, १९९१ला फक्त स्पॅनिश केली, त्यासाठी स्पेनने अख्ख्या पोर्तो रिकोच्या लोकांना प्रिन्स ऑफ अस्तुरियास हे मोठं बक्षीस दिलं, साहित्याचं! आणि दोन वर्षात सरकार बदललं, जानेवारी १९९३ला इंग्रजी परत. पोर्तो रिको अजून अमेरिकेचं पूर्ण राज्य नाही, ज्यांना ते व्हायला हवंय त्यांना इंग्रजी हवी आणि ज्यांना नकोय ते स्पॅनिशला मिठी मारून बसलेत. मला त्या बक्षिसाचं हसू येतं. स्पेनने इथे चारशे वर्षं राज्य केलं आणि बेटावरची मूळ ताइनो भाषा संपली, आता तिचे सुटे शब्द उरलेत, हरिकेन हा शब्द तिचाच, हॅमॉक पण. म्हणजे दोन भाडेकरू हक्कावरून भांडतायत आणि घरमालक कधीच गेलाय.

मार्च २०२५मधे ट्रम्पने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा म्हणून सही केली. आमच्या प्लँटमधे काही बदललं नाही. बॅच रेकॉर्ड इंग्रजीत, एसओपी (काम कसं करायचं त्याचे लेखी नियम) इंग्रजीत, ऑडिट इंग्रजीत, आणि मशीन बंद पडलं की आरडाओरडा स्पॅनिशमधे. मी पहिल्या वर्षी मीटिंगमधे सगळं समजून घ्यायचे आणि जेवणाच्या टेबलावर मठ्ठासारखी बसायचे. कोण कुणावर नाराज, कुणाची बदली होणार, हे सगळं जेवताना कळतं हो. ओवीचं असं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. इंग्रजी मिडियमची प्रायव्हेट शाळा आहे जवळ, फी आमच्या घरभाड्याएवढी, तिथली पोरं एकमेकांत इंग्रजीच झाडतात आणि भाजीवाल्याशी पण, ते मला बघवत नाही. सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहेच, विषय म्हणून. येईल तिला. मला सांगलीत बसून आलं की नाही?

आई, तुझ्यासाठी गंमत. बाजारात मी 'बटाटा' मागितला, मनात म्हटलं हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, स्पॅनिश काय लांब आहे, तर बाईने रताळी दिली! इथे 'बताता' म्हणजे रताळं. उपासाला दोन्ही चालतं म्हणून घेऊन आले. 'पागार' म्हणजे पैसे देणं, आपला पगार तोच. आणि कचऱ्याच्या डब्याला 'सफाकोन', ओवीला वाटतं तो मराठी शब्द आहे, साफ करायचा कोन.

तू फोनवर विचारलंस ना, ही सारखी मीरा मीरा कुणाला म्हणते, कोण मैत्रीण आहे का. नाही गं. 'मिरा' म्हणजे 'बघ'. ती तुलाच म्हणत होती, आजी बघ, चित्र बघ.

त्या दिवशी मी हसले पण रात्री झोप लागली नाही. बाबा इंग्रजीवरून ओरडले पण मला वाटतं त्यांना टोचलं ते हेच, आणि तू तर शेवटी बोललीसच, आमच्याशी ही कशात बोलणार. खरं सांगू, याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळेत स्पॅनिश, कार्टूनमधे इंग्रजी, आणि मराठी फक्त मी रागावले की. आम्ही दोघंही थकून घरी येतो आणि जे पटकन सुचेल ते बोलतो, चूक आमचीच आहे, शाळेची नाही.

म्हणून एक करा. बाबांचं अक्षर छान आहे, ओवीसाठी एक वही घाला, अ आ इ पासून नको, तिला कंटाळा येतो, रोज चार ओळींचं पत्र, तुळशीत काय उगवलं, मांजर कुठे व्यायली असलं, आणि फोटो काढून पाठवा. मी वाचून दाखवीन, उत्तर तिच्याकडून घेईन, मोडकंतोडकं असेल, हसू नका. आणि आई, झोपताना सांगायचीस ती कोल्ह्याची गोष्ट रेकॉर्ड करून पाठव, मधे गॅस बंद करायला उठलीस तरी चालेल.

साडेनऊ तासांचा फरक आहे. शनिवारी तुमच्याकडे संध्याकाळी साडेसातला लावते, इथे सकाळचे दहा असतात, ओवी ताजी असते. बाबांनीच उचला.

तुमची,
मनू