वेढा पडलेल्या गावातलं शेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत बायबलच्या जुन्या करारातल्या (यहुद्यांच्या पवित्र ग्रंथातल्या) देवाबद्दलचा लेख वाचला. तो देव रागीट, हिशेबी आणि शिक्षा करायला टपलेला, असं चित्र त्यात उभं राहतं. ही वचनं मी चाळीस वर्षं मराठीतून वाचत आलो आहे. मन दुखावलं, म्हणून लिहितो.

थोडी अडचण ‘करार’ या शब्दाचीच आहे. करार म्हटलं की आपल्याला भाडेकरार आठवतो. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. मूळ इब्री (हिब्रू) शब्द ‘बरीत’ आहे आणि त्या भाषेत करार ‘कापतात’. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम देवाशी करार होताना कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३४व्या अध्यायात, हीच रीत पुन्हा येते. पण अब्राहामाच्या वेळी सूर्य मावळतो, अब्राहामाला गाढ झोप लागते आणि तुकड्यांमधून जातं ते धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल. अब्राहाम चालतच नाही! शपथ एकट्या देवाने स्वतःवर घेतली. लेखात या रात्रीचा उल्लेखही नाही.

पुढे मोशेच्या काळात सीनाय पर्वतावर झालेल्या करारात अटी आहेत, शापही आहेत, हे मान्य. ‘लेवीय’ या पुस्तकाचा २६वा अध्याय वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण शापांची ती लांबलचक यादी संपते तिथे ४४वं वचन आहे: ते शत्रूंच्या देशात असले तरी मी त्यांना टाकणार नाही, माझा करार मोडणार नाही. लेखकाने यादी दिली आणि हे वचन सोडलं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला हे सांगावं लागत नाही. मिसरातल्या गुलामीतून सुटकेची आठवण म्हणून पाळायच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापली गेली. देवाने इस्राएलाला दिलेलं वचन पाळलं म्हणून तिच्यात त्याचं स्तवन आहे, आणि ते वचन कोणतं तर अब्राहामाला त्या तुकड्यांच्या रात्री दिलेलं.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो यिर्मयाचा ३२वा अध्याय. यहूदाचा राजा सिद्कीया याचं दहावं वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. नगर पडणार हे त्यानेच सांगितलं होतं, म्हणून तर कैद. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, जवळचा नातलग म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या उत्तरेला चार-पाच किलोमीटरवर. त्या जमिनीला तेव्हा कोण विचारणार होतं? यिर्मया सतरा शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) रुपं तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो, एक मोहरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं देव म्हणाला होता. व्यवहार झाल्यावर यिर्मयाचंही मन डगमगतं. नगर शत्रूच्या हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असं तो देवाला बोलून दाखवतो. ही प्रार्थना मी फार वेळा वाचली आहे, स्वतःच्या अडचणीच्या दिवसांत तर रोज.

पुढच्या वर्षी नगर पडलं, मंदिर जळालं. यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं नाही. इ.स.पू. ५३८च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने बाबेलला धरून नेलेल्या यहूद्यांना परतण्याची मोकळीक दिली. परत आलेल्यांची गाववार मोजदाद ‘एज्रा’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कंटाळवाणी म्हणून आपण ती यादी ओलांडून जातो. तिचं २३वं वचन लेखकाने एकदा उघडून पाहावं. अनाथोथची माणसं, १२८.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर