२४-२ : हसण्याआधी स्कोअरशीट वाचा

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘एकतर्फी सामने’ या चौकटीत १९१२ सालचा एक बेसबॉल सामना होता. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सने डेट्रॉइट टायगर्सचा २४-२ असा फडशा पाडला, एवढीच ओळ आणि पुढे उद्गारचिन्ह. मी टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेत आमच्या ऑफिसच्या संघाचा स्कोअरर होतो आणि युनियनचा वर्गणीदारही. दोन्ही नात्यांनी ते उद्गारचिन्ह खटकलं. त्या दिवशी टायगर्स संपावर होते, हे चार शब्द तिथे हवे होते.

झालं असं की १५ मे रोजी न्यूयॉर्कला टायगर्सचा खेळाडू टाय कॉब स्टँडमध्ये घुसला आणि शिव्या घालणाऱ्या एका प्रेक्षकाला त्याने बेदम मारलं. त्या माणसाचा एक हात छापखान्याच्या यंत्रात गेलेला, दुसऱ्याचीही तीन बोटं नव्हती. याचं समर्थन मी करणार नाही. पण लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी कॉबचं म्हणणं न ऐकताच त्याला बेमुदत निलंबित केलं. संघाने तार ठोकली : त्याला परत घ्या, नाहीतर आम्ही खेळत नाही. आणि कॉब काही सगळ्यांचा लाडका नव्हता. तिरसट, भांडकुदळ गडी. संघातल्या कित्येकांशी त्याचं जमत नसे. तरी बाहेर पडले. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही.

संघ उतरला नाही तर दर सामन्याला ५००० डॉलर दंड, असं जॉन्सन यांनी मालक फ्रँक नॅव्हिन यांना बजावलं. मग मॅनेजर ह्यूई जेनिंग्ज यांनी फिलाडेल्फियातच मिळतील ती माणसं गोळा केली. १८ मे, शनिवार, शाइब पार्क. पंचांनी कॉबला मैदानाबाहेर काढताच सगळे टायगर्स निघून गेले आणि त्यांच्या जागी हे बदली कामगार आले. सोबत दोन प्रशिक्षक : ४१ वर्षांचे जो सग्डेन आणि ४८ वर्षांचे डीकन मॅग्वायर. तिसऱ्या बेसवर बिली महार्ग नावाचा मुष्टियोद्धा. (१९१९च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेतली, लाचखोरी पुढच्या वर्षी वर्तमानपत्राकडे फोडणारा तो हाच!) समोर ॲथलेटिक्स, १९१० आणि १९११ असे लागोपाठ दोन वर्षांचे जगज्जेते.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला विशीतला ॲलन ट्रॅव्हर्स. सेंट जोसेफ कॉलेजच्या संघात हा खेळतही नसे, व्यवस्था बघायचा. पिचरला जास्त पैसे मिळणार म्हणून तयार झाला. वेगाने टाकू नकोस, जीव जाईल, असं जेनिंग्जनी त्याला बजावल्याचं तो पुढे सांगत असे. हळू, वळणारे चेंडू टाकत त्याने आठ इनिंग काढल्या. २६ हिट (फटका मारून बेस गाठणं), ७ वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस), एक जण स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद). आता स्कोअरशीट नीट बघा. २४ पैकी १४ रन पिचरच्या खात्यावर आहेत. उरलेले १० मागे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांच्या चुकांचे. ॲथलेटिक्सची बॅटिंग दर इनिंगला नंतर यायची आणि ते पुढेच होते, म्हणून नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये त्यांना बॅटिंग करायची गरजच पडली नाही. बदली म्हणून आलेल्याला मी एरवी टाळ्या वाजवणार नाही, पण या पोराने अर्ध्यावर मैदान सोडलं नाही, हेही नोंदवायला हवं. तो पुन्हा कधी मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर, खेळला नाही. पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला.

संप फार टिकला नाही. कॉबनेच सहकाऱ्यांना परत जायला सांगितलं आणि २१ मे रोजी वॉशिंग्टनला खरे टायगर्स खेळले. मग हिशेब झाला. माणसाला मारणाऱ्या कॉबला दहा दिवसांचं निलंबन आणि ५० डॉलर दंड. त्याच्यासाठी बाहेर बसलेल्यांना प्रत्येकी १०० डॉलर.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर,
लालबाग, मुंबई