रायफल क्लबची रेंज ओस पडतेय

संपादक साहेब,
स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून नि उभं राहून नेम मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या कोल्हापुरात केवढा जल्लोष झाला, पण आमच्या जुन्या रायफल क्लबात आता रविवारी मोजून सहा-सात मेंबर येतात, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. टार्गेटचा कागद आम्ही अजून दोरीनं हातानं ओढतो, पोरं विचारतात इलेक्ट्रॉनिक टार्गेट कुठाय? त्यांचं काय चुकलं ओ. पॉइंट टू-टू (.२२) रायफलच्या गोळ्या महाग, नेमबाजीच्या जॅकेट-रायफलचा खर्च तर शेतकऱ्याच्या पोराला झेपतच नाही. २०१० ला नेमबाजीत वर्ल्ड चॅम्पियन झालेली तेजस्विनी सावंत पण इथलीच की. महापालिकेनं निदान दोन-चार एअर रायफली शाळेच्या पोरांसाठी घेऊन द्याव्यात, शिकवायला आम्ही म्हातारे रोज फुकट येतो.

– एक जुना मेंबर, कोल्हापूर