बाबांच्या डायरीतला भागाकार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

एकाच पुण्यात राहून पत्र पाठवतोय म्हणून हसाल. पण फोनवर बाबांच्या पोटातल्या महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, फुगवट्याचा विषय काढला की बाबा "आईशी बोल" म्हणून सुटतात आणि आई, तू "जेवलास का?" वर येतेस. वाकडहून सदाशिव पेठेत येऊन समोरासमोर बसलो तरी तेच.

परवा चष्मा शोधताना बाबांची डायरी हाताला लागली. स्कूटरच्या पेट्रोलचा हिशोब ठेवायचात ना, तीच. शेवटच्या पानावर फुगवट्याची मापं लिहिलीत, सेंटिमीटरमध्ये: मार्च ४.१, सप्टेंबर ४.३. खाली भागाकार मांडून उत्तराला चौकट केलीय: ५.५ व्हायला तीन वर्षं.

बाबा, गणित बरोबर आहे, आकडे कच्चे आहेत. ते दोन वेगळ्या सेंटरचे. सोनोग्राफी करताना हात जरासा तिरका पडला तरी मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. आणि एवढा फुगवटा साधारणपणे वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढतो, कधी जागचा हलतही नाही. यापुढे एकच सेंटर, उपाशीपोटी, मागचा रिपोर्ट बरोबर. तारीख मी धरून ठेवलीय, गाडी घेऊन येतो.

समोरच्या काकू म्हणतात तसं "आत्ताच का नाही काढून टाकत?" हे मीही विचारलं होतं. साधी महाधमनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते, तीनच्या पुढे फुगवटा म्हणतात, आणि पुरुषांत ऑपरेशनचा विचार ५.५ ला. त्याच्या आत ऑपरेशन करून आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटन आणि अमेरिकेत शेकडो रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून पाहिलंय. थांबणं हाच सध्याचा उपचार आहे. बीपीची गोळी मात्र "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही.

आई, तू रात्री त्यांच्या पोटावर हात ठेवून ठोके बघतेस म्हणे. बाबांनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात. (तक्रार खरी नव्हती.) पण हाताला माप कळत नाही गं, झोप तेवढी जाते. त्यापेक्षा सिलिंडर त्यांना उचलू देऊ नकोस. सारसबागेच्या फेऱ्या खुशाल चालू देत.

अजून एक. मागे लघवीला जळजळ झाली तेव्हा बाबांनी मेडिकलमधून परस्पर सिप्रोफ्लॉक्सासिन आणलं होतं. त्या जातीच्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ मध्ये इशारा दिलाय: महाधमनीला फुगवटा असेल तर दुसरा पर्याय नसेल तरच द्यावं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी फुगवट्याचं सांगा.

आणि पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर ओवा नाही, शेक नाही. थेट १०८. मला फोन त्यानंतर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. बाबा, साताऱ्याच्या काकांना तुम्ही अजून सांगितलं नाहीत. "उगाच घाबरेल" म्हणता. हा आजार भावाभावांत चालतो. मी माझी सोनोग्राफी करून घेतली, १.९ आली. काका अडुसष्टचे, आणि त्यांची विडी अजून चालू आहे. तुम्ही निदान २००९ ला सिगारेट सोडलीत. तुमचा फुगवटा तरी प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत अवचित सापडला. त्यांचं पोट कोणी पाहिलेलंच नाही. दुखत नाही तोवर हा आजार सांगायला येत नाही, तुम्हालाही कुठे काही जाणवत होतं?

रविवारी त्यांना फोन करा. "मला आहे, तू तपासून घे," एवढंच म्हणा. सोमवारी मी काकांना फोन करणारच आहे. त्यांना माझ्या तोंडून पहिल्यांदा कळलं, तर ते तुमच्याशी वर्षभर बोलणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आई, शनिवारी येतो. थालीपीठ कर.

तुमचा,
बाळ्या